गाडीचं मीटर बंद पडलंय? खोलण्याआधी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गाडीचं मीटर मधूनच जायला लागलं. खड्ड्यात चाक आदळलं की सगळे काटे झोपायचे, डिस्प्ले काळा पडायचा आणि दोन-चार मिनिटांनी पुन्हा सुरळीत व्हायचं. डॅशबोर्डवर थाप मारली की चालू होतंय, म्हणून तसंच रेटलं. एका रात्री कशेडी घाटाच्या चढावर गेलं ते परत आलंच नाही. इंजिन किती तापलंय, ऑइलचा दिवा पेटलाय का, काहीच कळायला मार्ग नव्हता आणि मागच्या सीटवर आई आणि मुलं झोपलेली. मीटर बंद असताना ‘गाडी तर चालतेय’ म्हणून पुढे जाणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. थापेने चालू होणारं मीटर दुरुस्त झालेलं नसतं. कुठेतरी सांधा सुटलाय, एवढंच ते सांगत असतं.

दोष मीटरचाच, हे गृहीत धरणं

मीही तेच केलं. पण एकच काटा मेला असेल तर बहुतेक वेळा मीटर निर्दोष असतं. पेट्रोलचा काटा हलत नसेल तर टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) बघावा, स्पीडचा काटा शून्यावर असेल तर स्पीड सेन्सर किंवा चाकाजवळचा, ब्रेकसाठीचा एबीएस सेन्सर. सगळंच एकदम जात असेल तर आधी फ्यूज, बॅटरी आणि अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली निगेटिव्ह वायर). यातलं काहीही तपासायला मीटर बाहेर काढावं लागत नाही.

एक साधा मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) घरात असू द्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ (काही नव्या गाड्यांत हा आकडा थोडा खाली-वर होतो). सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल तर मीटरला हात लावू नका, बॅटरी तपासून घ्या. बॅटरी दमली की काटे थरथरतात, नको ते दिवे लागतात, डिस्प्ले मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

आमच्या गाडीचा दोष अखेर एका ऑटो इलेक्ट्रिशियनने शोधला. शेजारच्या सीटच्या पायाशी, डावीकडच्या प्लास्टिक पॅनलमागे अर्थचा बोल्ट होता. त्यावर पांढरट-हिरवी भुकटी जमलेली आणि बोटाने हलवला तरी वायरचा लग (टोकाची धातूची कडी) डुलत होता. त्यांनी दहा नंबरच्या पान्याने बोल्ट काढला, लग आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळून वर थोडं व्हॅसलीन लावलं. वीस मिनिटांचं काम. पाणी आलं कुठून, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी चोंदली होती. मॅट महिनाभर ओली होती आणि आम्ही ते पावसाचं पाणी समजत होतो. मॅट ओली लागली तर नळी आधी साफ करून घ्या, नाहीतर घासलेला बोल्ट पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसाच होईल.

मोठा फ्यूज घालणं

लाल १० अँपिअरचा फ्यूज सारखा जातो म्हणून पिवळा २० चा बसवतात. मग फ्यूज टिकतो आणि वायर जळते. फ्यूज वारंवार जात असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. अलीकडे रिव्हर्स कॅमेरा, एलईडी किंवा म्युझिक सिस्टिम बसवली असेल तर त्यासाठी कोणत्या वायरला जोड मारलाय ते आधी बघा. गाडी बरेच दिवस उभी होती का? मग उंदरांनी वायर कुरतडल्याचा संशय घ्यायलाच हवा.

घाईने खोलणं

मीटर बाहेर काढून मागचा कनेक्टर नीट बसवणं हे जमण्यासारखं काम आहे. पण तिथून हातभर अंतरावर, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढा वेळ थांबायचं आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टीमीटर कधीही लावायचा नाही. हे वाचून हात थरथरणार असतील तर काम सरळ इलेक्ट्रिशियनकडे द्या.

मीटरचं मागचं झाकण ही माझ्या लेखी हद्द आहे. त्याच्या आतलं काम घरचं नाही. काटे उपटून काढले तर ते पुन्हा नेमक्या जागी बसत नाहीत. प्रत्येक काटा एका चिमुकल्या स्टेपर मोटरवर असतो आणि जरा तिरका बसला की ७० च्या वेगाला ६० दाखवतो. डिस्प्लेवरच्या रेघा किंवा अर्धे आकडे गायब होत असतील तर बऱ्याचदा काचेला चिकटवलेली चपटी रिबन केबल सुटत आलेली असते. १९९५ ते २००३ दरम्यानच्या बीएमडब्ल्यू ५ सिरीजमध्ये हा दोष जगभर गाजला. ती केबल साध्या सोल्डरिंग गनने जोडायला गेलं की वितळते. आणि काच पुसायला थिनर नको, ओलसर मऊ फडकं पुरतं.

भंगारातलं मीटर आणून लावणं

हा खर्च आमचा अक्षरशः वाया गेला. दिसायला तंतोतंत तसंच मीटर, पण किलोमीटर दुसऱ्याच गाडीचे. शिवाय बऱ्याच गाड्यांत चोरीविरोधी इमोबिलायझर मीटरशी बांधलेला असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या २००० नंतरच्या अनेक मॉडेलांत तर तो मीटरच्या आतच होता. तिथे परकं मीटर लावलं की गाडी सुरू होते आणि क्षणात बंद पडते.

मधला टचस्क्रीन अडकला असेल तर प्रकरण वेगळं. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, सॉफ्टवेअर अपडेट आहे का बघा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

कारागिराकडे द्यायचं तर

गाडी वॉरंटीत असेल तर एक स्क्रूही न खोलता कंपनीच्या सेंटरला न्या. वॉरंटी संपली असेल तर सेंटरमध्ये सहसा पूर्ण मीटर बदलायला सांगतात आणि तो आकडा मोठा असतो. म्हणून त्याआधी मीटरचे बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर शोधा. स्कॅनर जोडून, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड बघूनच बोलणं सुरू करणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो. उदाहरणार्थ ‘यू०१५५’ हा कोड मीटरशी संपर्क तुटल्याचा असतो आणि मग पुरवठा व वायरिंग तपासल्याशिवाय बोर्डाला हात लावायचं कारण नाही. नेमकं काय बदलणार, जुना भाग परत देणार का, हमी किती महिन्यांची, हे तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. डिस्प्ले अजून मधूनमधून येत असेल तर तो आलेला असतानाच किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. दुरुस्तीनंतर आकडा तोच असायला हवा आणि तो बिलावरही यायला हवा. पुढे गाडी विकताना घेणारा पहिला प्रश्न त्याच आकड्याबद्दल विचारतो.