लेकरांना घेऊन थंडीत शेतावर राहायला जाताना

पहिल्यांदा आम्ही डिसेंबरात शेतावर राहायला गेलो, तेव्हा पहाटे साडेपाचला नागपुरातून निघालो होतो. उन्हाळ्यातली सवय, ऊन चढायच्या आत पोचायचं. थोरली पाच वर्षांची, धाकटा दीड. शहर सुटल्यावर अशी धुई लागली की पुढच्या ट्रकचा मागचा दिवाही दिसेना. ढाब्यावर गाडी लावून तासभर बसलो. पोचलो तर खोली गारढोण, अंगणात आंब्याची सावली, आणि नळाला गरम पाणी नाही, कारण छतावरच्या सोलरचं पाणी रात्रीच्या पाहुण्यांनी संपवलेलं. तेवढ्यात धाकटा दवानं भिजलेल्या गवतात लोळून आला. अकराला अंगणात ऊन उतरलं आणि दोघंही पंधरा मिनिटांत हसायला लागली.

तेव्हापासून आमच्या घरी थंडीची सहल उन्हाच्या घड्याळावर आखतात. डिसेंबरच्या शेवटी नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. पण लहान मुलांच्या कामाचं ऊन साधारण साडेनऊ ते साडेचार, म्हणजे सातच तास. दुपारी पारा २७-२८ अंशांवर असतो, पहाटे १०-१२ वर येतो आणि एखाद्या लाटेत आणखी घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. शेतात आणि तळ्याकाठी शहरापेक्षा जास्तच गार वाटतं. पुढचं सगळं नियोजन या सात तासांत बसवायचं आहे.

आधी जागा आणि तारीख

पाच वर्षांखालचं मूल सोबत असेल तर घरापासून दीड तासाच्या पलीकडं जाऊ नका. नागपूरकरांना तीन दिशा मोकळ्या आहेत. काटोल-कळमेश्वरकडं संत्र्याच्या बागा, उमरेडकडं कऱ्हांडल्याचं जंगल आणि आजूबाजूची शेतं, आणि रामटेककडं खिंडसीचा तलाव, तिथून पुढं पेंचच्या जंगलाच्या कडेची गावं. चिखलदरा सुंदर आहे, पण सव्वादोनशे किलोमीटर आणि वर घाट. गाडी लागणारं लेकरू असेल तर दोन वर्षं थांबा, चिखलदरा कुठं पळून जात नाही.

मुलांना संत्री तोडायची असतील तर नोव्हेंबर-डिसेंबर गाठा, तेव्हा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं पीक, उतरत असतो. जानेवारीत गेलात तर आंबिया बहुधा तोडून झालेला आणि मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेलं पीक, अजून हिरवा, म्हणजे झाडाखाली उभं राहून फोटो काढण्यापलीकडं काही नाही. हुरड्याचं उलट आहे. त्यासाठी डिसेंबरची अखेर ते जानेवारी. दोन्ही एकाच फेरीत साधायचा हट्ट धरला तर दोन्ही अर्धवट होतात. नाताळच्या सुट्टीत गर्दी असतेच, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की शहरातून बाहेर पडायलाही वेळ लागतो. शाळेत न जाणारं मूल असेल तर मधल्या वारी जा. एक मुक्काम पुरे, फार तर दोन.

फोनवर हे विचारा

फोटोत सगळीच शेतघरं छान दिसतात, म्हणून बुकिंगआधी मालकाशी बोला. सकाळी नऊला अंगणात ऊन असतं का? गरम पाणी कशावर तापतं? बंब किंवा गिझर असेल तर ठीक. नुसतं सोलर असेल तर मुलांची आंघोळ दुपारी उरकायची, हे आधीच ठरवा. संडास खोलीला लागून आहे का? रात्री दोनला झोपेतल्या मुलाला घेऊन अंगण ओलांडून बघा, म्हणजे हा प्रश्न का विचारायचा ते कळेल. माणशी किती पांघरुणं मिळतील? वीज गेली तर दिव्याची काय सोय?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेततळं आहे का, आणि त्याला कुंपण आहे का? विहिरीची भीती सगळ्यांना असते, शेततळ्याची वाटत नाही. पण शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकची पन्नी अंथरलेली असते, ती ओली झाली की मोठ्या माणसालाही पाय रोवता येत नाही, मग लेकराचं काय? कुंपण नाही असं उत्तर आलं तर मी दुसरी जागा बघते. यात तडजोड करत नाही.

फवारणीचंही विचारा. तूर-कपाशीवर किंवा बागेत आठ-पंधरा दिवसांत औषध मारलं असेल तर मुलांना त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊ देऊ नका. झाडावरचं काहीही तोडून थेट तोंडात घालायचं नाही, हा नियम गाडीतच समजावून ठेवा. शेतकरी विचारल्यावर खरं सांगतात, आपण विचारत नाही.

पिशवी

एका जाड जाकिटापेक्षा तीन पातळ थर बरे. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा कपडा, त्यावर स्वेटर. मुलं धावून घामाघूम होतात, आणि तो घाम वाळताना थंडी भरते. थर असले की दुपारी एकेक उतरवता येतो. मुलाला थंडी वाजतेय का, हे हात लावून बघू नका, लेकरांचे हात गारच असतात. मानेमागं किंवा पाठीवर बोटं लावा. तिथं ओलसर लागलं तर एक थर कमी करा, गार लागलं तर वाढवा.

कानटोपी दोन घ्या, एक हरवतेच. पायमोजे मात्र दिवसाला किमान तीन जोड. सकाळच्या दवात कॅनव्हासचे बूट दहा मिनिटांत भिजतात, म्हणून पावसाळ्यातले गमबूट माळ्यावरून खाली काढा. घरची रोजची दुलई किंवा गोधडी न्याच. परक्या जागी मुलाला झोप लागते ती त्या वासामुळं.

औषधांत पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. सोबत ओआरएस, थर्मामीटर आणि ओठांना-गालांना लावायला व्हॅसलीन. खोकल्याचं औषध आपल्या मनानं पिशवीत टाकू नका. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावलं आहे. कोमट पाणी आणि वाफाळता वरणभात बरा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं चाटणही नको, आजी कितीही म्हणाली तरी.

दिवस कसा घालवायचा

घरून साडेनऊच्या आधी निघू नका. धुई विरलेली असते, मुलं पोटभर खाऊन बसतात. गाडीत हीटर आणि जाड स्वेटर दोन्ही एकदम नको, त्यात अर्धी मुलं ओकतात. खुर्चीचा पट्टाही जाकिटावरून बांधला तर सैल राहतो, म्हणून जाकीट काढून पट्टा बांधा आणि मग पांघरूण घाला. रामटेकला थांबणार असाल तर गडावर खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका, माकडं मुलांच्या हातातून थेट ओढतात.

एका दिवसात एकच मोठी गोष्ट ठेवा. संत्रा तोडणं ही मोठी गोष्ट आहे, बैलगाडी ही मोठी गोष्ट आहे, खिंडसीतली नाव हीसुद्धा. तिन्ही एका दिवशी केल्या तर संध्याकाळी रडारड ठरलेली. बागेत गेल्यावर संत्रा ओढायचा नाही, देठाशी कातरायचा, हे मालकाला मुलांना दाखवायला सांगा. ओढला की देठाजवळची साल फाटते आणि फळ लवकर सडतं. मुलांना ही कातरी फार आवडते, फक्त त्यांच्या हातावर आपला हात असू द्या.

सफारीबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. डिसेंबरातल्या पहाटे उघड्या जिप्सीत तीन-चार तास गप्प बसवणं ही पाच वर्षांखालच्या मुलाला शिक्षा आहे. जायचंच असेल तर दुपारची फेरी घ्या आणि परतीच्या गार वाऱ्यासाठी पांघरूण न्या. साप्ताहिक सुट्टी आधी बघा, ताडोबा मंगळवारी बंद असतं. आमच्या लेकीला वाघापेक्षा मनसरच्या पुढचा महामार्ग जास्त आवडला. प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून तिथं काही ठिकाणी रस्ताच खांबांवर उचललेला आहे. 'खालून वाघ जात असेल का आत्ता?' हा प्रश्न तिला पुढच्या खवासा गावापर्यंत पुरला.

थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पोट घट्ट होतं. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा, तासातासाला दोन घोट द्या.

खाणं

हे खरं सुख. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, वांग्याचं भरीत, वर भरपूर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मुलांना रोडग्याचा आतला मऊ भाग तुपात कुस्करून द्या, तिखट भरीत आपल्याकडं. तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून ठेवल्या की सोलण्यातच मुलांचा अर्धा तास जातो. हुरडा मात्र बेतानं. चार वर्षांखालच्या मुलाला ते दाणे, तसेच शेंगदाणे आणि फुटाणे घशात अडकू शकतात, आणि मोठ्यालाही मूठभराच्या वर पचायला जड जातात. संत्र्याची फोड लहानग्याला द्यायची तर साल आणि बिया काढून, नुसता गर.

संध्याकाळ आणि रात्र

साडेचारला सूर्य कलला की हात-पाय कोमट पाण्यानं धुवा, कोरडे मोजे चढवा. शेकोटी मोठ्यांची हौस असते, मुलांना दोन हात अंतरावर बसवा. नायलॉनच्या जाकिटावर ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटतं, म्हणून शेकोटीजवळ वरचा कपडा लोकरीचा किंवा सुती. बाळदमा असलेल्या मुलाला धुरापासून लांबच ठेवा.

कोळशाची शेगडी रात्री बंद खोलीत ठेवू नका. दारं-खिडक्या बंद असल्या की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला काहीच कळत नाही. मालकानं प्रेमानं आणून दिली तरी बाहेर ठेवायला सांगा. उबेसाठी खाली चटई, त्यावर जाड सतरंजी, मग गादी, कारण गारठा बराचसा खालून येतो. वर्षाच्या आतल्या बाळावर सुटं जाड पांघरूण टाकू नका, अंगभर कपडे घाला आणि तोंड मोकळं ठेवा. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून झटका. लाकडांच्या आणि कडब्याच्या ढिगाशी खेळू देऊ नका, घोणस हिवाळ्यातही असते. काही झालंच तर झाडपाल्यात वेळ न घालवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

झोपायच्या आधी दहा मिनिटं मुलांना गुंडाळून अंगणात न्या, दिवे बंद करा. पूर्वेला मृग नक्षत्र, त्याच्या खाली लखलखणारा व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. शहरात हे दिसत नाही. महाराष्ट्रातल्या पेंचला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली ती याच काळोखासाठी. पेंचच्या सिल्लारी गेटच्या बाजूला मुक्काम असेल तर ही दहा मिनिटं अर्ध्या तासावर जातात, तेव्हा कानटोपी विसरू नका.

परतताना दुपारी तीनला निघा, अंधाराआधी घरी. निघताना घरी डाळ-तांदूळ काढून ठेवले असतील तर आल्याबरोबर खिचडी लागते. संक्रांतीच्या आसपास जात असाल तर दुचाकीवर मुलाला पुढं बसवून हौसेनं फिरवू नका, बंदी असूनही नायलॉन मांजा रस्त्यांवर लोंबतो. आणि बागेतून घेतलेली संत्री डिकीत सगळ्यांत वर ठेवा. आम्ही एकदा बॅगांखाली ठेवली होती, घरी गमबुटांत रस घेऊन आलो.