डेलिली : मृगाच्या आत बुडख्यावरची माती काढा

मृग तोंडावर आला आहे. डेलिली या फुलझाडाच्या बुडात भर (ओढलेली माती) लावली असेल तर ती आज-उद्याच काढा. खत, फवारणी, नवीन रोपांची खरेदी, सगळं मागाहून बघता येईल.

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातल्या परड्यांत ही झाडं उन्हाळ्यात जोमात असतात आणि तरणा-म्हातारा पाऊस लागला की बसतात. मग रोग कोणता, औषध कुठलं अशी विचारपूस सुरू होते. बहुतेक ठिकाणी कारण खुरप्यात असतं. बटाट्याला, आल्याला भर लावायची सवय हाताला असते. पाऊस यायच्या आत फुलझाडांच्या बुडातही तीच माती ओढली जाते. बटाट्याला ती लागतेच, कारण बटाटे बियाण्याच्या वरच्या अंगाला धरतात. डेलिलीला तसा कंद नसतो. पानं आणि मुळं जिथे जुळतात तिथे एक आखूड बुडखा असतो, आणि नवे फुटवे त्यातूनच निघतात. तो ओल्या मातीखाली सात-आठ दिवस दाबला गेला की पानांच्या बेचक्यात पाणी राहतं, हवा बंद होते आणि कूज आतून सुरू होते. वरची पानं तोवर हिरवीगार असतात, म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

किती माती काढायची? झाडाजवळ बसून बोटांनी माती बाजूला सारा, खुरपं लावू नका. पानांचा बुडाकडचा भाग पांढरा असतो आणि थोडं वर तो हिरवा होतो. हा बदल जिथे दिसतो तीच आधीची मातीची पातळी. त्याच्या वर माती चढली असेल तर सगळी काढा. बुडख्याच्या माथ्यावर जास्तीत जास्त २.५ सेंटिमीटर माती चालते. चिकट काळ्या रानात त्याहून कमी ठेवा, माथा नुसता झाकला तरी पुरे. कच्चं शेण, गवताचं आच्छादन, नारळाचा भुसा यांतलं काहीही बुडख्याला टेकू देऊ नका. चार बोटं लांब ठेवा. आणखी एक गोष्ट उपयोगी पडते : बुडख्याभोवती मूठ-दोन मूठ जाड वाळू किंवा मुरमाची चाळ टाका. पावसाच्या थेंबांनी चिखल उडून बेचक्यात बसतो, तो थांबतो.

पाण्याचं गणित तालुक्यागणिक बदलतं. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस मोप, पण तांबडी माती निचऱ्याची. तिथे उतार दिला की भागतं. अथणी-कागवाडकडे पाऊस थोडा, तरी काळ्या रानात एका जोरदार सरीचं पाणी दोन दिवस हलत नाही. म्हणून कमी पावसाच्या भागातही झाडं कुजतात आणि लोकांना नवल वाटतं. शंका असेल तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाभरात पाणी निदान २.५ सेंटिमीटर उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा हवाच, आणि वाफ्याच्या कडेने बाहेर पडणारा चर. घराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे तर डेलिली नकोच.

आता जातींबद्दल. कुणाची कुठली जात चांगली, हा वाद घरोघरी आहे. पण एकीचा बुडखा बोटभर खोल, दुसरीचा चार बोटं, एक तुळशीकट्ट्याजवळ उंचावर, दुसरी नळाशेजारी, अशी तुलना करून काही कळत नाही. ‘ही जात आपल्याकडे येत नाही’ म्हणण्याआधी उकरून खोली बघा. सारख्या खोलीवर, सारख्या उन्हात लावलेल्या झाडांचाच हिशेब धरा. नोंद करायची ती अशी : एका दांड्याला कळ्या किती, गड्ड्याला (म्हणजे झाडाच्या अख्ख्या झुपक्याला) दांडे किती, ढगाळ सकाळी फूल पूर्ण उमलतं का, दुपारी तीननंतर रंग टिकतो का, वर्षाकाठी फुटवे किती वाढले. फूल एक दिवसाचंच असतं, त्यामुळे कळ्यांची संख्या हाच खरा निकष. फोटोतल्या फुलाच्या आकाराला भुलू नका.

या कसोटीवर जुनी नारिंगी फुल्वा आणि तिची दुहेरी पाकळ्यांची क्वान्सो सगळ्यांत चिवट. जमिनीखालून धावरे सोडून पसरतात, बी धरत नाहीत, आणि भर लागली तरी एखादं वर्ष तग धरतात. म्हणून त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नये. बारमाही हिरव्या राहणाऱ्या जातींना आपला सौम्य हिवाळा मानवतो. १९७७ ची जवळजवळ पांढरी जोन सीनियर त्यातली. हिवाळ्यात पानं टाकून झोपणाऱ्या जातींना मात्र थंडी लागते. १९७५ ची बुटकी पिवळी स्टेला दि ओरो आणि १९२० च्या दशकातली सुवासिक हायपेरियन या त्या गटातल्या. इथे त्या जगतात, पण वर्षागणिक बारीक होतात असा कल दिसतो. बारीक झालेला बुडखा खोल दाबला गेला की आधी जातो, म्हणून उंचीवर लावायच्या त्या याच जाती. पार्डन मीसारख्या गडद तांबड्या फुलांना दुपारची सावली द्या, नाहीतर उन्हाने पाकळ्या विरघळल्यासारख्या होतात. नावाच्या चिठ्ठीवर मात्र फार विसंबू नका. भलत्या नावाने फुल्वाच घरी आल्याचे प्रकार थोडे नाहीत. पैसे मोजण्याआधी फुललेलं झाड बघा.

मृगाआधीची बाकी कामं :

– वाळलेले दांडे बुडातून कापणे, पिवळी पानं ओढून काढणे.
– तण हाताने उपटणे.
– दाटलेले गड्डे (३-४ वर्षांचे) आत्ता फोडू नयेत. पाऊस ओसरल्यावर, हस्ताच्या सुमारास.
– फोडताना पानं १५ सेंटिमीटरवर छाटणे, जखम दोन दिवस सावलीत सुकवणे, अंतर ४५ ते ६० सेंटिमीटर.
– युरिया बंद. कोवळी, पाणीदार पानं लवकर सडतात.
– कुंड्यांखालच्या बशा काढणे, बुडाची भोकं मोकळी करणे.
– शेणखत कुजलेलंच वापरणे. कच्च्यातून हुमणी येते.

शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळायचं असेल तर प्रमाण १०० किलोला १ किलो, म्हणजे परड्यासाठी १० किलोला १०० ग्रॅम. ओलसर करून सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा, मग झाडाभोवती पसरा, बुडख्यावर नव्हे. त्यासाठी मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात) आधी चौकशी करा. दुकानातल्या महागड्या बाटल्या, बूस्टर, ह्युमिक, ‘मुळी वाढवणारं’ काळं पाणी, यांतलं एकही दाबलेला बुडखा उघडा करत नाही. कोणी फोरेट या जहाल कीटकनाशकाचे दाणे देऊ केले तर घेऊच नका. देशात त्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे.

भर काढूनही जुलैत एखादं झाड शंकास्पद दिसलं तर मधलं पान हलक्या हाताने ओढा. निरोगी झाडाचं पान तुटेल, पण बुडातून सुटणार नाही. कुजलेलं अलगद हातात येतं. टोक मऊ, तपकिरी आणि घाण वास येणारं असेल तर जिवाणूंची कूज. वास नाही, पण बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे पांढरे-तपकिरी दाणे दिसले तर ती भुईमुगाला खोडकूज आणणारी बुरशी. ती सोयाबीन, टोमॅटो, मिरचीवरही जगते आणि तिचे दाणे मातीत वर्षानुवर्षे राहतात. भुईमूग ज्या जागी मेला तिथे डेलिली लावायची नाही, ती याच कारणाने.

दोन्हींत पहिलं काम एकच. पाऊस थांबायची वाट न बघता अख्खा गड्डा उपटा आणि धुवा. मऊ भाग पांढरं टणक मांस लागेपर्यंत कापा, सुरी दर कापाला स्पिरिटने पुसा. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के भुकटी, लिटरला ३ ग्रॅम, या पाण्यात १५ मिनिटं बुडवा, दोन-तीन दिवस वळचणीला सुकवा आणि दुसऱ्या, उंच जागी लावा. दाणे दिसलेली माती घमेल्यात भरून परड्याबाहेर. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली तर पुढल्या वर्षी साऱ्या बागेत पसरेल. शेजारच्या झाडांना तेच द्रावण बुडात गड्ड्याला लिटरभर. ट्रायकोडर्मा आणि ताम्रयुक्त औषध एकदम देऊ नका, पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. दुकानदार अशा वेळी हमखास कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक काढून देतो. दाण्यांच्या बुरशीवर ते लंगडं आहे आणि जिवाणूंवर त्याचा काहीच उपयोग नाही. मोकळी झालेली जागा पुढच्या एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवा.

पानावर बोट फिरवल्यावर नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. तशी पानं छाटून जाळा, मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम फवारा. फुलकिडे, मावा यांना ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. खानापूरकडे गोगलगाई फार. रात्री बॅटरी घेऊन वेचणं आणि मिठाच्या पाण्यात टाकणं हाच खात्रीचा उपाय, राख पहिल्याच सरीत वाहून जाते.

घरात मांजर असेल तर कापलेली पानं-फुलं उघड्यावर टाकू नका. डेलिलीचा कुठलाही भाग मांजराच्या पोटात गेला तर मूत्रपिंडं निकामी होतात. चघळताना दिसलं की लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.