हायबरनेटमधून उठल्यावर हार्ड डिस्कची एरर: आधी लॉग वाचा, मग चेकडिस्क

संगणक हायबरनेटमधून (मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून पूर्ण बंद झाल्यावर) उठतो, डेस्कटॉप दिसतो, आणि थोड्या वेळात ड्राइव्ह स्कॅन करण्याची सूचना येते, एखादी फाइल उघडत नाही किंवा थेट निळा पडदा येतो. यावर सगळीकडे दोनच सल्ले मिळतात: 'चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) मारा' किंवा 'डिस्क गेली, बदला'. कारण न शोधता दिलेले हे सल्ले आहेत, आणि पहिल्याने तर वाचवता आला असता असा डेटाही जाऊ शकतो. खाली लिहिलंय ते विंडोज १० आणि ११ साठी.

महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्याआधी पुढे काहीही करू नका.

मग संगणक रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्टच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअप आलं. प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची मेमरी सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. त्यामुळे 'मी हायबरनेट वापरतच नाही' म्हणणारे बरेच जण रोज रात्री अर्धं हायबरनेट करत असतात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. एरर फक्त उठल्यावर येते आणि रीस्टार्टनंतर येत नाही, एवढं कळलं तरी शोध बराच आवरतो.

आता अवघड पायरी: नक्की बिघडलंय काय? डिस्क, डिस्कपर्यंतची वाट (केबल, जोडणी), की डिस्कवर फाइल्सची नोंद ठेवणारी फाइल सिस्टिम? पडद्यावरच्या संदेशात तिन्ही वेळा दोष डिस्कवरच येतो. मला हे वेगळं करायला शिकण्यात सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

विंडोजची कळ आणि एक्स दाबून इव्हेंट व्ह्यूअर उघडा (विंडोजने ठेवलेल्या नोंदी, म्हणजे लॉग, तिथे दिसतात), विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम निवडा. 'पॉवर-ट्रबलशूटर' या स्रोताची क्रमांक १ ची नोंद शोधा, तिच्यात झोपण्याची आणि उठण्याची वेळ असते. संगणक उठल्यावर ती जरा उशिरा लिहिली जाते, म्हणून तिच्या वर आणि खाली दोन्हीकडच्या लाल-पिवळ्या नोंदी बघा. एकेक एरर शोधत बसू नका. कोणती नोंद आधी आली आणि दिवसभरात ती पुन्हा कधी दिसते, उत्तर त्यात आहे.

क्रमांक १२९ किंवा १५३ फक्त उठल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत दिसत असेल आणि नंतर दिवसभर शांतता असेल, तर डिस्क वेळेत जागी होत नाहीये. १२९ म्हणजे उत्तर न आल्याने विंडोजने डिस्कची जोडणी रीसेट केली, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करून बघावं लागलं. हा प्रकार जुना आहे. विंडोज ७ चा साटा (डिस्क जोडण्याची पद्धत) ड्रायव्हर डिस्क १० सेकंदांत तयार व्हावी अशी अपेक्षा ठेवायचा, मोठ्या डिस्कना जास्त वेळ लागायचा आणि 'कर्नल डेटा इनपेज एरर'सारखे निळे पडदे यायचे. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागली होती.

क्रमांक ७, म्हणजे बॅड ब्लॉक, दिवसभरात केव्हाही येत असेल तर हायबरनेशनचा त्याच्याशी संबंध नाही. उठताना एकदम बरंच वाचावं लागतं, म्हणून खराब भाग तेव्हा आधी उघडा पडतो इतकंच.

आणि एनटीएफएसची (विंडोजची फाइल सिस्टिम) क्रमांक ५५ ही नोंद एकटीच असेल, डिस्कची एकही तक्रार नसेल, तर फाइल सिस्टिमचा मेळ बिघडलाय. अशा वेळी पहिला प्रश्न: त्याच संगणकावर लिनक्स किंवा दुसरं विंडोज आहे का? हायबरनेट झालेल्या विंडोजला डिस्कची झोपण्याआधीची स्थिती आठवत असते. झोपलेल्या माणसाच्या घरातलं सामान हलवावं तसं मधल्या काळात दुसऱ्या सिस्टिमने डिस्कच्या त्याच भागावर (पार्टिशनवर) लिहिलं, तर उठलेलं विंडोज जुन्या समजुतीने त्यावर लिहितं आणि फाइल्स मोडतात. म्हणून लिनक्स असं पार्टिशन लिहिण्यासाठी उघडायला नकार देतं. तो नकार योग्य आहे. हायबरनेशन फाइल काढून टाकणारा पर्याय वापरून तो मोडू नका, न जतन केलेलं सगळं काम त्यात जातं.

लॉगची खात्री स्मार्टच्या आकड्यांवरून करा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यावरून. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, फक्त त्यातले कच्चे आकडे दशमान पद्धतीत दाखवायला सांगा, मुळात ते सोळाच्या पद्धतीत असतात आणि लोक उगाच घाबरतात. साध्या हार्ड डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ बघा. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे). तो शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर डिस्क बदलायचीच. सी७ वेगळा आहे: तो केबल किंवा जोडणीतल्या चुका मोजतो आणि केबल बदलली तरी शून्यावर येत नाही. आजचा आकडा लिहून ठेवा आणि वाढतोय का ते बघा. सी७ बघून चांगली डिस्क फेकू नका. एनव्हीएमई या प्रकारच्या एसएसडीमध्ये हे क्रमांक नसतात, तिथे 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य आहे ना ते पाहा.

चेकडिस्कचा 'आर' पर्याय आधी का चालवायचा नाही, ते आता कळेल. तो प्रत्येक सेक्टर वाचतो. मरणाऱ्या डिस्कवर ते तासन्‌तास चालतं आणि उरलेला जीव त्यात जातो. केबल सैल असेल तर तो चुकीच्या माहितीवर दुरुस्ती करत सुटतो. कारण कळण्याआधी फक्त 'स्कॅन' पर्याय वापरा, तो चालू विंडोजमध्येच तपासणी करतो.

उपाय आता सोपे आहेत. फाइल सिस्टिमचा मेळ बिघडला असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा, मग चेकडिस्क 'एफ' पर्यायाने चालवा. दोन सिस्टिम असलेल्या संगणकावर हायबरनेट पूर्ण बंदच ठेवा, याला माझ्याकडे अपवाद नाही: ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, एक जागा, तिरपी रेघ आणि एच, पुन्हा जागा, ऑफ. एकच सिस्टिम असेल तर ऑफनंतर त्याच पद्धतीने ऑन करा, हायबरफिल फाइल नव्याने तयार होते. एक्स्टर्नल डिस्क हायबरनेटआधी नेहमी 'सेफली रिमूव्ह' करा, झोपलेल्या संगणकातून उपटून दुसरीकडे लावू नका.

डिस्क उशिरा जागी होत असेल तर प्रगत पॉवर सेटिंगमध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ 'नेव्हर' करा आणि पीसीआय एक्स्प्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा. मग लॅपटॉप उत्पादकाच्या साइटवरून स्टोरेज ड्रायव्हर, एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि बायोस (संगणक सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की कागदावर किंवा फोनमध्ये आहे का ते बघा. ती नसेल तर अपडेटनंतर आपल्याच डिस्कबाहेर उभं राहावं लागेल. ड्रायव्हर शोधून देणारी आणि रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर यात अजिबात आणू नका.

सी७ वाढत असेल तर डेस्कटॉपची साटा केबल बदला, लॅपटॉपमध्ये डिस्क जोडणारी आतली पट्टी काढून पुन्हा बसवून घ्या.

यानंतर आठवडाभर मुद्दाम रोज हायबरनेट करा आणि प्रत्येक वेळी लॉग बघा. डिस्क बदलावीच लागली आणि ती वॉरंटीत असेल, तर स्मार्टच्या पानाचं चित्र सोबत द्या. देण्याआधी ती पुसून द्या, कारण बदली डिस्क मिळाली की जुनी सहसा परत मिळत नाही.