भरत नसलेली जखम आणि चामडीचा कॅन्सर : आपल्याकडे होणाऱ्या या चुका टाळा

चामडीचा कॅन्सर म्हटलं की लोक म्हणतात तो गोऱ्यांचा रोग, आपल्याला काय होते. आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त आहे म्हणून तो आपल्याकडे कमी होतो हे खरं आहे, पण कमी होतो म्हणजे होतच नाही असं नाही ना. अन् आपल्याकडे होतो तेव्हा बरेचदा वेगळ्याच जागी होतो. मोबाईलवर जे फोटो फिरतात त्यात गोऱ्या पाठीवरचा काळा तीळ असतो, पण वावरात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत पाहायची जागा म्हणजे कंबर, तळपाय, नखाखालची कातडी, जुना भाजल्याचा डाग. जिथं कोणी पाहतच नाही तिथं. म्हणून उशिरा सापडतो, अन् उशीर झाला की छोट्या ऑपरेशनचं काम पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते.

कमरेवरची जखम लपवणं

ही चूक मी सगळ्यात आधी घेतोय कारण ही आपल्या घराघरातली गोष्ट आहे. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय मासिकात दोन बायांच्या केस छापल्या. एक सत्तरीची, नऊवारीच्या आत परकराचा नाडा घट्ट बांधायची, कमरेवर 18 महिने जखम भरलीच नाही. दुसरी साठी ओलांडलेली, 40 वर्षं परकराशिवाय लुगडं कमरेला करकचून बांधायची, तिची जखम 2 वर्षांची होती. दोघींनाही तपासणीत कॅन्सर निघाला, अन् दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. धोतरामुळं कमरेवर होणाऱ्या अशाच कॅन्सरबद्दल मुंबईचे डॉ. खानोलकर यांनी 1945 मध्येच लिहून ठेवलं होतं, म्हणजे ही काही आज निघालेली भानगड नाही.

होते असं की बारीक नाडा रोज त्याच जागी काचतो, त्यात आपल्याकडची तपन, घाम, वावरातली धूळ, कापूस वेचायला कमरेला फडकं बांधलं की त्या वजनाची ओढ वेगळी. कातडी आधी काळी पडते किंवा पांढरट होते, खाजते, सोलवटते, मग बारीक जखम होते, भरते, परत उघडते. वर्षानुवर्षं कातडी स्वतःला दुरुस्त करत राहते अन् कधीतरी त्या दुरुस्तीतच पेशी बिघडतात. पांढरं झालं की घरचे म्हणतात कोड आलं, अन् कोड म्हटलं की बाई आणखीच लपवते. पुरुष डॉक्टरला कंबर कशी दाखवायची म्हणून वर्ष निघून जाते. सुनांनो, पोरींनो, आपल्या सासूला, आजीला एकदा सरळ विचारा, कमरेवर काही झालंय का, दाखव म्हणा. त्या आपणहून सांगणार नाहीत. आशाताईला विचारलं तरी ती पीएचसीत बाई डॉक्टर कधी असतात ते सांगू शकते.

उपाय फुकटचा आहे. बारीक नाडा काढून रुंद पट्टीचा नाडा घाला, गाठ थोडी सैल ठेवा, रोज एकाच जागी नको, वर खाली करा, घरी असताना अन् रात्री झोपताना सैल सोडा. साडी सुटेल ही भीती असते मला माहीत आहे, पण रुंद पट्टीनं साडी तेवढीच धरून राहते अन् काच बसत नाही. करदोटा काचत असेल तर त्यालाही हेच लागू.

दुखत नाही म्हणून सोडून देणं

"दुखत तं नाही ना, मग काहाले जायचं दवाखान्यात?" हे वाक्य मी गावात इतक्यांदा ऐकलंय. चामडीचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहणं म्हणजे तो वाढायची वाट पाहणं. साधा हिशोब ठेवा, कुठलीही जखम 4 आठवड्यांत भरली नाही, किंवा खपली धरते, रक्त येते, परत खपली धरते असं चाललंय, तर दाखवायचीच.

जुने भाजल्याचे व्रण, पोटावर दिलेल्या डागण्या, साप चावल्यानंतर कायमची राहिलेली पायाची जखम, शिरा फुगून झालेली घोट्याजवळची जखम, या सगळ्यांत 10, 20, 30 वर्षांनीसुद्धा कॅन्सर होऊ शकतो. याला मार्जोलिन अल्सर म्हणतात, अन् वर सांगितलेल्या दोघी बायांना तेच निघालं होतं. कुष्ठरोग बरा झालेल्या लोकांनी तर फार जपायला पाहिजे. वरोऱ्याचं आनंदवन 1949 चं, कुष्ठरोग बरा होतो हे विदर्भाला वेगळं सांगायची गरज नाही, पण रोग बरा झाला तरी तळपायाची संवेदना बऱ्याच लोकांची परत येत नाही, मग काटा रुतला, चटका बसला कळत नाही अन् जखम वर्षानुवर्षं चालू राहते. अशा जुन्या जखमेच्या कडा वर उचलल्या गेल्या, कडक झाल्या, आतून फुलकोबीसारखं मांस वाढायला लागलं, नवीन वास यायला लागला, तर फक्त पट्टी बदलत बसू नका. आणखी एक, पायाला जखम असली की जांघेत अवधान म्हणजे गाठ येते, हे आपण सगळे जाणतो अन् सोडून देतो. जुन्या जखमेसोबतची जांघेतली कडक, न जाणारी गाठ सोडून द्यायची नसते.

नखाखालचा काळा डाग म्हणजे मारच लागला असं समजणं

मेलॅनोमा हा चामडीच्या कॅन्सरमधला सगळ्यात घातक प्रकार, अन् सावळ्या लोकांत तो जास्त करून तळपाय, तळहात अन् नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या बोटाला असाच डाग होता, आधी फुटबॉल खेळताना लागलं असं वाटलं, 1977 मध्ये मेलॅनोमा निघाला अन् 1981 मध्ये 36 व्या वर्षी तो गेला.

आता ओळखायचं कसं? मार लागून रक्त साकळलं असेल तर तो डाग नखाबरोबर हळूहळू पुढं सरकतो, पायाच्या अंगठ्याला वर्ष दीड वर्षही लागते. महिन्याला मोबाईलनं फोटो काढा, शेजारी रुपया ठेवून. डाग जागचा हलत नाही, काळी रेघ रुंद होतेय, काळेपणा नखाच्या बाजूच्या कातडीवर उतरतोय, तर लगेच चर्मरोग तज्ञाकडं. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर तपकिरी रेघा तशाही असतात, त्याला घाबरायचं नाही, एकाच नखावर नवीन आलेली अन् वाढणारी रेघ ती संशयाची. तिळाचंही तसंच, दोन बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकात दोन तीन रंग, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा, अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदलतोय. बाकी अंगावरचे बहुतेक तीळ, चामखीळ, म्हातारपणचे काळे मस निरुपद्रवी असतात, उगाच झोप उडवून घेऊ नका.

अनवाणी चालणारे, ओलीत करणारे, धानाच्या बांधीत राबणारे, यांनी आठवड्यातून एकदा पाय धुऊन तळवा उजेडात पाहायचा. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला सांगायचं.

बिब्बा, चुना, तेजाब अन् मेडिकलवाल्याची ट्यूब

मसावर बिब्बा लावणं, चुना-सोडा लावून जाळणं, घोड्याच्या केसानं आवळणं, हे अजूनही चालू आहे. बिब्ब्यानं कातडी भाजते, वरचा भाग गळून पडतो, लोक म्हणतात गेला, अन् खाली जे आहे ते वाढत राहते. ट्यूबचं वेगळंच. खाज आली की मेडिकलवाल्याकडून मिळते त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉईड असते, चार दिवस लाली जाते, बरं वाटते, कातडी पातळ होते अन् खरा रोग झाकला जातो. नाकाजवळ, डोळ्याजवळ चमकदार किंवा काळपट मणी आला, मधेच फुटून रक्त येते, त्यावर महिनोन्‌महिने ट्यूब चोळणारे लोक आहेत. असा मणी हाही चामडीच्या कॅन्सरचा एक प्रकार असू शकतो, तो अंगात क्वचितच पसरतो, पण जागेवरच नाक, पापणी खात जातो.

ऊन सगळ्यांना सारखं समजणं

जन्मापासूनच ज्यांची कातडी, केस, पापण्या पांढऱ्या आहेत त्यांच्या अंगात रंगद्रव्य जवळपास नसतेच, त्यांच्यासाठी आपलं ऊन फार घातक आहे अन् कॅन्सर तरुण वयातही होऊ शकतो. अशा लेकराला वावरात पाठवू नका, शाळेत गुरुजींना सांगून दुपारची कवायत बंद करा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, एसपीएफ 30 च्या वरची सनस्क्रीन, अन् वर्षातून एकदोनदा कातडीची तपासणी. चिडवणाऱ्यांना गप्प करायचं काम मोठ्यांचं आहे. किडनी बदललेल्या लोकांनाही औषधांमुळं धोका जास्त असतो. बाकीच्यांनी निंदण, डवरण सकाळी लवकर अन् चारनंतर, दुपट्टा असा बांधायचा की कान अन् मान झाकली जाईल, एवढं पुष्कळ. खालच्या ओठाला मात्र ऊन अन् खर्रा दोन्हीचा मार बसतो, तिथलं पांढरं चट्टं किंवा न भरणारी चीर लगेच दाखवा.

तुकडा तपासायला घाबरणं

"सुई लावली की कॅन्सर पसरते" हे खोटं आहे. जागा बधिर करून बारीक तुकडा काढतात, त्याशिवाय नक्की काय आहे ते कळतच नाही. कोणी गाठ किंवा मस कापून काढला तर तो फेकू देऊ नका, पॅथॉलॉजीत पाठवा म्हणा. आधी पीएचसी, तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय, वर्ध्याजवळचे सेवाग्राम, सावंगीचे मोठे दवाखाने, नागपूरचं मेडिकल किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन बसते, म्हणून रेशन कार्ड अन् आधार सोबत न्या अन् भरती व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा, पुढच्या दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारतात.