अंदाजाने वाचणाऱ्या मुलासाठी मात्रांची साखळी

काही मुलं पहिलं अक्षर बघतात आणि पुढचा शब्द ठोकून देतात. ‘चोर’ असेल तिथे ‘चार’. अशा मुलाकडून धडा पुन्हा पुन्हा वाचून घेऊन उपयोग नाही. धडा पाठ होतो, नजर मात्र मात्रेवर, म्हणजे काना, वेलांटी, उकार अशा स्वरचिन्हावर, थांबत नाही.

पाटीवर ‘चार’ लिहा. मुलाच्या देखत फक्त काना पुसून दुसरी वेलांटी द्या: ‘चीर’. मग ‘चूर’, मग ‘चोर’. दर वेळी बदललं तेवढंच चिन्ह बोटाने दाखवायला लावा आणि मगच शब्द वाचू द्या. पुढची साखळी पार, पीर, पूर, पोर. रोज पाच-सात मिनिटं, दोनच साखळ्या. शेवटी शब्द उलटसुलट क्रमाने दाखवा, नाहीतर क्रमच पाठ होतो.

पहिली वेलांटी मुद्दाम नंतरसाठी ठेवा. ती अक्षराच्या आधी दिसते पण उच्चार नंतर येतो, म्हणून मुलं तिथे हमखास अडखळतात.

चुकलं की लगेच शब्द सांगू नका. तीन-चार सेकंद थांबा, मात्रेवर बोट ठेवा. बहुतेकदा मूल स्वतःच सुधारतं.