जुनी रोजनिशी आणि डिरेक्टरी हाताशी आहे? मग या चुका टाळा

मुखपृष्ठावर १९३४ छापले आहे म्हणून आतला मजकूरही १९३४ चाच, असे धरून चालणे ही जुने घरगुती कागद वाचण्याच्या छंदातली सर्वांत महागात पडणारी चूक. कोरी डायरी टाकून देण्याची रीत आपल्या घरांत नव्हती. कुठल्या दुकानाने किंवा विमा एजंटाने दिलेली डायरी दोन-चार वर्षे कपाटात पडून राहायची आणि मग कुणीतरी तिच्यात किराण्याचा हिशेब, नाहीतर रोजनिशी सुरू करायचे.

पडताळा सोपा आहे. १ जानेवारी १९३४ ला सोमवार होता. छापील 'सोमवार' खोडून वर 'मंगळवार' केले असेल, तर १९३५ साल आधी तपासा. वार खोडलेला नसला तरी 'आज एकादशी', 'संकष्टीचा उपास' अशी नोंद कुठेतरी असतेच. ती त्या वर्षीच्या पंचांगाशी जुळवा. मग सर्वांना ठाऊक असलेल्या घटना बघा: १५ जानेवारी १९३४ चा बिहारचा भूकंप, १४ एप्रिल १९४४ चा मुंबईच्या गोदीतला स्फोट, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. लिहिणारा मुंबईत राहत होता आणि १४ एप्रिल १९४४ च्या पानावर नुसता दुधाचा हिशेब आहे, तर आधी सालाबद्दल शंका घ्या, माणसाच्या निर्विकारपणाबद्दल नंतर.

आणखी एक खूण शाईची. सलग आठ-दहा दिवसांचा मजकूर एकाच शाईत, एकाच लयीत, एकही खाडाखोड न करता लिहिलेला असेल, तर तो बहुधा एका बैठकीत मागाहून भरलेला आहे. तो खोटा ठरत नाही, पण त्यातली 'सकाळी नऊ वाजता' ही नोंद आठवणीतली आहे एवढे लक्षात ठेवावे.

शकात सरसकट ७८ मिळवणे

शक अधिक ७८ बरोबर इसवी सन, हे शाळेत पाठ केलेले गणित वर्षाच्या शेवटी दगा देते. शक गुढीपाडव्याला बदलतो, सन १ जानेवारीला. त्यामुळे पौषाचा काही भाग, माघ आणि फाल्गुन यांना ७९ मिळवावे लागतात. पानिपतचेच घ्या. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवले तर १७६० येते आणि लढाई एक वर्ष मागे सरकते. खरी तारीख १४ जानेवारी १७६१, बुधवार. अठराव्या-एकोणिसाव्या शतकासाठी मोडक यांची जंत्री (तिथी-तारखांचे तक्ते) आणि शिवकाळासाठी खरे यांची जंत्री उघडून वार जुळतो का ते पाहावे. वार जुळला नाही तर तारीख लिहूच नये.

रात्रीच्या घटनांत वेगळी गोम आहे. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाची नोंद रोजनिशीत आदल्या वारी असते आणि जन्मदाखल्यावर पुढच्या तारखेला. दोन्ही कागद बरोबर असतात. यावरून घराघरांत वाद झालेले आहेत.

मुंबईतल्या गुजराती पेढीच्या वहीत विक्रम संवत असेल तर तो कार्तिकात बदलतो: दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे, पुढे ५६. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठी घराण्यांचे कागद वाचताना महिन्याचे भान हवे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला श्रावण वद्य पक्ष तिथल्या कागदांत भाद्रपद वद्य म्हणून भेटतो.

पेशवाईतल्या कागदांवर साल शब्दांत असते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: सुहूर सन ११६१. हे वर्ष मृगात सुरू होते. त्यात वर्षाच्या आरंभी ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवायचे, की पानिपतचे १७६०-६१ हाती येते. फसली, म्हणजे महसुली, साल असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे. तारखेआधी 'छ' दिसला तर तो चंद्राचा, म्हणजे पुढची तारीख मुसलमानी महिन्याची आहे. ते अक्षर गिचमीड म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात.

दंड गाळून हिशेब वाचणे

'३॥।=' असे काही दिसले की नवखा वाचक तीन लिहून पुढे जातो. बाकीच्या रेघा त्याला विरामचिन्हे वाटतात. उभा एक दंड म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. आडवी एक रेघ एक आणा, दोन रेघा दोन आणे. म्हणजे वरचा आकडा तीन रुपये चौदा आणे आहे, जवळजवळ चार रुपये. महिन्याच्या बेरजेत अशी चूक पंधरा-वीस वेळा झाली तर त्या घराची ऐपतच बदलून जाते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै किंवा चार पैसे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पण वहीत आणे त्यानंतरही रेंगाळतात.

वजनांतही फसगत होते. मुंबईचा मण साधारण २८ पौंडांचा आणि बंगाली मण ८२ पौंडांच्या वरचा. 'दोन मण तांदूळ' वाचून कुटुंब किती मोठे होते याचा अंदाज बांधण्याआधी मण कुठला ते ठरवा. आणि 'त्या काळचे दहा रुपये म्हणजे आजचे किती' हा प्रश्न विचारायचाच असेल तर त्याच रोजनिशीला विचारा: त्याच महिन्यात खोलीचे भाडे किती, गड्याचा पगार किती, तूप काय भावाने. इंटरनेटवरच्या महागाईच्या गणकयंत्रापेक्षा हे उत्तर भरवशाचे.

डिरेक्टरी म्हणजे शिरगणती समजणे

एकोणिसाव्या शतकातली टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी किंवा १८८५ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी निघू लागलेली थॅकरची डिरेक्टरी ही व्यापारी गरजेतून निघालेली नाव-पत्त्यांची पुस्तके होती. त्यांत सरकारी अधिकारी, युरोपियन रहिवासी, पेढ्या, वकील, डॉक्टर, छापखाने भरपूर सापडतात. गिरणीतला जॉबर (मजूर भरणारा मुकादम), खानावळ चालवणारी बाई, चाळीतला कारकून सहसा सापडत नाही. नाव नाही म्हणजे माणूस त्या शहरात नव्हता, असा निष्कर्ष या पुस्तकांवरून निघूच शकत नाही. उलट १८९७ च्या अंकात नाव आहे एवढ्यावर तो १८९७ साली तिथे होताच, असेही नाही. असे पुस्तक वर्षाच्या सुरुवातीला विकायचे तर माहिती आदल्या वर्षी गोळा व्हायला हवी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि माणसे शहर सोडून पळाली. अशा वेळी छापील पत्ता आणि खरे बिऱ्हाड यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बंद पडलेल्या दुकानाची नोंद तशीच पुढच्या अंकात गेलेलीही दिसते. म्हणून लागोपाठच्या तीन-चार अंकांत तेच नाव पाहावे आणि त्यातून पहिले व शेवटचे साल ठरवावे.

नाव सापडत नसेल तर आडनाव सोडून शोधा. डॉ. भाऊ दाजींचे आडनाव लाड आणि मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल, पण त्यांचे समकालीन त्यांना भाऊ दाजी म्हणूनच लिहीत. 'लाड' खाली शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो. देशी नावे कधी पहिल्या नावाने लावलेली, कधी आडनावाने. रोमन स्पेलिंग तर ऐकणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून: जगन्नाथ शंकरशेट यांचे 'जुगोनाथ सुनकरसेट' होते, कल्याणचे 'कॅलियन', ठाण्याचे 'टॅना'. स्कॅन केलेल्या प्रतींत शोधखिडकीवर फार विसंबू नका. बारीक टायपातले दोन-तीन रकाने यंत्र एकमेकांत मिसळून वाचते. वर्णानुक्रमाने ते पान काढून डोळ्यांनी वाचणेच बरे. जाहिरातींची पानेही वगळू नका. दुकानाचा मूळ धंदा काय होता हे यादीपेक्षा जाहिरातीत जास्त स्पष्ट असते.

आजच्या नकाशावर जुना पत्ता टेकवणे

मुंबईत हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला, एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी रोड, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग, गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल रोड. एवढे बहुतेकांना माहीत असते. घोटाळा होतो तो या नावांवरून काळ ठरवताना. नवे नाव कागदात दिसले तर कागद नामांतरानंतरचा, हे पक्के. जुने नाव दिसले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. लॅमिंग्टन रोड आजही लोकांच्या तोंडी आहे. रस्ता मुळातच नंतरचा असेल तर पुरावा अधिक बळकट. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्ती फोडून काढलेले रस्ते. '१८९० सालची' म्हणून दाखवलेल्या एखाद्या पावतीवर सँडहर्स्ट रोड असेल तर पावती परत करा.

पुण्यात पेठांच्या वारांनी भुलू नये. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये बुधवार पेठेचे मुहियाबाद, शनिवारचे मुर्तजाबाद, रविवारचे मलकापूर, सोमवारचे शहापूर अशी जुनी नावे दिली आहेत. गुरुवार पेठ वेताळ पेठ म्हणून आणि नाना पेठ हनमंत पेठ म्हणून भेटते. घर नंबरांचा गुंता याहून वाईट. नगरपालिकेचा घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पत्रावर त्यांतला कुठला आहे ते कुणी लिहीत नाही. मुंबई शहरातल्या जुन्या मालमत्ता पत्रकावर कधी कधी लाफ्टनचा सर्व्हे नंबरही मिळतो. हा १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लाफ्टनने केलेल्या मोजणीतला. तो मिळाला तर सोने मिळाले समजा, कारण त्यावरून जुना नकाशा आणि आजचा सी.एस. (कॅडॅस्ट्रल सर्व्हे) नंबर जोडता येतो.

गिरगावकरांच्या रोजनिशीत रस्ता येतच नाही. तिथे मुगभाट, फणसवाडी, खोताची वाडी, झावबावाडी असते. डिरेक्टरीत मात्र रस्ता. दोन्हींमधला पूल म्हणजे घरपट्टीच्या पावत्या, भाडेपावत्या आणि लग्नपत्रिका. पत्रिकेवर वाडी, चाळ आणि रस्ता तिन्ही छापलेले असतात, म्हणून जुन्या पत्रिकांचा गठ्ठा रद्दीत देऊ नका.

घड्याळाकडे दुर्लक्ष

१९०६ पर्यंत रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत होती आणि मुंबईकर मुंबई टाइमवर. फरक अर्ध्या तासाचा. त्यानंतर भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई महापालिकेने मुंबई टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही. तो सुमारे ३९ मिनिटे मागे. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात प्रमाणवेळच एक तास पुढे नेली होती. दोन नोंदींत अर्ध्या-पाऊण तासाची तफावत दिसली तर लगेच कुणाला खोटे ठरवू नका.

सगळ्याच 'रोजनिशी' एका जातीच्या समजणे

गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीच्या छापील खंडांत मनोगत शोधायला गेलात तर निराशाच पदरी पडेल. ती दफ्तरातली रोजची नोंद: सनदा, इनामे, नेमणुका, दंड, खर्च. कसब्यातल्या विहिरीच्या दुरुस्तीला किती रुपये लागले हे तिथे मिळते, विहिरीवर कुणाला मनाई होती हे बहुधा नाही. दुसऱ्या टोकाला गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. रोजनिशीसारखाच उद्धृत केला जातो, पण १८५७ ची हकीकत लिहिली गेली त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ती छापली तेव्हा मजकुरावर हात फिरवला होता. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. संदर्भ द्यायचा तर तिचा द्यावा.

घरगुती वहीत माहिती बहुधा किरकोळ खुणांत असते. एकाच बाईचे नाव चैत्रात 'सौ.' आणि भाद्रपदात 'गं. भा.' असे आले की मधल्या पाच महिन्यांत तिचा नवरा गेला. मृत्यूची स्वतंत्र नोंद नसली तरी तारखेची कक्षा मिळते, आणि मग महापालिकेच्या मृत्युनोंदीत शोधण्याला नेमकेपणा येतो. 'चि.' वरून 'कै.' झालेली मुलांची नावेही अशीच, आणि प्लेगच्या वर्षांत ती वाचताना मन घट्ट करावे लागते.

कागद हाताळताना

सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्ही नकोत. फोटो काढताना कोरी पानेही घ्या, मुखपृष्ठाची आतली बाजू घ्या, आणि पानांत अडकलेली चिठ्ठी कुठल्या दोन पानांमध्ये होती ते तिच्यासकट टिपा. एकदा बाहेर काढली की तिचा संदर्भ गेला. मोडी येत नसेल तर अंदाजाने लिप्यंतर करू नका. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि चुकीच्या जागी तोडलेले वाक्य पुढचा माणूस तसेच उचलतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारणा करता येते.

रोजनिशीत उसनवारी, आजारपणे, भाऊबंदकी, शेजाऱ्याच्या मुलीचे मोडलेले लग्न, सारे असते. त्या घरांतली माणसे अजून त्याच गल्लीत असू शकतात. गावाच्या इतिहासासाठी दर, तारखा, रस्ते, पाण्याची टंचाई, गणपतीची वर्गणी पुरेशी आहे. बाकीच्या पानांची नक्कल घरच्यांकडे ठेवा आणि काही छापायचेच असेल तर आधी लिहिणाऱ्याच्या आणि ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्या, अशा दोन्ही कुटुंबांना ते पान वाचायला द्या.