मरीन कोअरची रचना शिकताना आधी चार चौकोन काढा

दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "सर, अमेरिकेचे मरीन म्हणजे आपले मार्कोसच ना?" नाही. मार्कोस ही आपल्या नौदलाची मोजकी, निवडक कमांडो तुकडी. मरीन कोअर हे जहाजावरून उतरून लढणारं, स्वतःची विमानं बाळगणारं अख्खं दल आहे. खातं नौदलाचं, पण त्यांचा प्रमुख, म्हणजे कमांडंट, नौदलप्रमुखांच्या बरोबरीने बसतो.

हुद्द्यांचा तक्ता पाठ करत बसू नका. कोऱ्या कागदावर चार चौकोन काढा: हुकूम देणारे, जमिनीवर लढणारे, हवेतून लढणारे आणि रसद सांभाळणारे. तुकडी केवढीही असो, चौकोन हेच. सुमारे 2,200 जणांची एमईयू (मरीन एक्स्पिडिशनरी युनिट, म्हणजे मोहिमेवर फिरणारी छोटी तुकडी) साधारण तीन जहाजांवर फिरते आणि तिच्या जमिनीच्या चौकोनात एक बटालियन, म्हणजे काही शे जवानांची तुकडी, असते. सर्वांत मोठ्या एमईएफमध्ये (मरीन एक्स्पिडिशनरी फोर्स) त्याच जागी डिव्हिजन, म्हणजे हजारो जवानांचा मोठा गट, येते. अशा एमईएफ तीन: कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलिना आणि ओकिनावा.

जमिनीचा चौकोन बोटांच्या पेरांवर मोजा. एका बोटाला तीन पेरं. तशा तीन फायर टीमची (फायर टीम म्हणजे सगळ्यात छोटी तुकडी) स्क्वाड, तीन स्क्वाडची प्लाटून. वैद्यकीय जवान मात्र मरीनांचे स्वतःचे नसतात. ते नौदल पुरवतं.

आता एक खरी मोहीम या कागदावर मांडा. जानेवारी 1991, सोमालियाची राजधानी मोगादिशूत यादवी, अमेरिकन वकिलातीत लोक अडकलेले. अरबी समुद्रातल्या 'ट्रेंटन' या अमेरिकन जहाजावरून दोन मोठी हेलिकॉप्टरं रात्रीच निघाली आणि वाटेत हवेतच इंधन भरून पोचली. एकूण 281 जण सुटले. इंधन देणारं टँकर विमान कुठल्या चौकोनात घालाल? बहुतेक पोरं रसदीत घालतात. ते मरीनांच्या हवाई चौकोनातलं आहे, आणि ते तिथे का, हे कळलं की त्यांना स्वतःची विमानं कशाला हवीत तेही कळतं.

ते ट्रेंटन 2007 मध्ये आपल्याकडे आलं, आयएनएस जलाश्व होऊन. नोकरीत असताना मी त्याच्या पोटातल्या डेकवर उभा राहिलोय. मागचा दरवाजा उघडून आत समुद्राचं पाणी घेतात, आणि जवानांनी भरलेल्या होड्या तरंगत बाहेर पडतात. म्हणून चार चौकोनांच्या खाली पाचवी गोष्ट काढा: जहाज.